पुठ्ठ्याच्या छताखाली

मिशिगन राज्यातल्या ब्लूमफील्ड हिल्स या गावी १९५६-५७च्या सुमारास एका वास्तुरचनाकाराच्या कार्यालयात नकाशांइतकाच पुठ्ठ्याचाही पसारा असे. विमानतळावरच्या एका इमारतीचे छत पुठ्ठ्यातून कापायचे, वाकवायचे, जोडायचे आणि पुन्हा कापायचे, हे काम तिथे महिनोन्महिने चालले होते. त्यातल्या काही प्रतिकृती एवढ्या मोठ्या होत्या की खाली वाकून त्यांच्या आत डोके घालता येई. कार्यालयाचे प्रमुख एरो सारिनेन तसे डोके घालून बघत. दारातून आत आलेल्या प्रवाशाला वर काय दिसेल? त्याने डावीकडे मान वळवली तर छताची कड कुठे गेलेली दिसेल? मनासारखे दिसले नाही की कात्री पुन्हा बाहेर निघे.

याच कार्यालयात बाल्थाझार कोराब नावाचे एक तरुण हंगेरियन गृहस्थ काम करत. १९२६ साली बुडापेस्टला जन्मलेले कोराब १९४९ मध्ये देश सोडून निघाले, पॅरिसमध्ये वास्तुकला शिकले आणि १९५५ मध्ये सारिनेन यांच्याकडे नोकरीला लागले. नोकरी रचनाकाराची होती. पण या माणसाच्या हातात कॅमेरा चांगला चालतो हे लक्षात आल्यावर प्रतिकृतींचे फोटो काढण्याचे काम त्यांच्याकडे आले. कॅमेरा खाली उतरवून, पुठ्ठ्याच्या इमारतीत बोटभर उंचीचा माणूस उभा असता तर त्याचे डोळे जिथे असते तिथे आणायचा, दिव्याचा सूर्य करायचा आणि बटण दाबायचे. सारिनेन डोके घालून जे बघत ते बाकीच्यांना दिसत नसे. कोराब यांच्या फोटोत ते सगळ्यांना दिसे, भिंतीवर टाचता येई आणि कालच्या फोटोशेजारी ठेवून ताडून बघता येई.

इमारतीचा फोटो ही ती बांधून झाल्यावर काढायची गोष्ट, असे आपण धरून चालतो. इथे तो पायाची पहिली कुदळ पडण्याआधी निघाला, तेही छताचा आकार ठरवण्यासाठी. न्यूयॉर्कच्या आयडलवाइल्ड विमानतळावरचे ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे टर्मिनल हे त्या इमारतीचे नाव. कंपनीला सगळे टीडब्ल्यूए म्हणत. २८ मे १९६२ रोजी टर्मिनलचे उद्घाटन झाले. पुढच्याच वर्षी, २४ डिसेंबर १९६३ रोजी, विमानतळाला केनेडींचे नाव मिळाले. विसाव्या शतकाच्या मध्यावर विमानतळांची जी वास्तुकला बहरली, तिचे हे सगळ्यांत जास्त फोटो निघालेले अपत्य असावे. इमारत आणि तिची छायाचित्रे यांची वीण इतकी घट्ट आहे की एकीबद्दल बोलताना दुसरी सोडताच येत नाही.

एवढा खटाटोप एका टर्मिनलसाठी का झाला, हे समजायला तेव्हा उंबरठ्यावर आलेले जेटयुग पाहावे लागते. २६ ऑक्टोबर १९५८ रोजी पॅन ॲम कंपनीचे बोइंग ७०७ न्यूयॉर्कहून पॅरिसला निघाले आणि अमेरिकी प्रवाशांसाठी जेटयुग सुरू झाले. पंख्यांच्या विमानांना अटलांटिक ओलांडायला जो वेळ लागे तो जवळपास निम्म्यावर आला. विमाने एका पिढीने पुढे गेली होती, पण ज्या इमारतींतून त्यांच्यात चढायचे त्या मात्र कुठे रेल्वे स्टेशनासारख्या, कुठे गोदामासारख्या, तर कुठे सरकारी कचेरीसारख्या होत्या. काही अपवाद होते. सेंट लुईसमध्ये मिनोरू यामासाकी यांनी १९५६ मध्ये काँक्रीटच्या कमानदार छतांचे टर्मिनल बांधले. विमानतळाला स्वतःचा चेहरा असू शकतो, हे तिथे बऱ्याच जणांना पहिल्यांदा उमगले.

आयडलवाइल्डची योजनाही या चढाओढीला पोषक होती. तिथे सगळ्यांसाठी एकच अवाढव्य इमारत नव्हती. मोठ्या विमान कंपन्यांना आपापली टर्मिनले बांधायला जागा दिल्या होत्या आणि त्या सगळ्या वस्तीला ‘टर्मिनल सिटी’ म्हणत. साहजिकच प्रत्येक इमारत त्या त्या कंपनीची पाटीही झाली. पॅन ॲमने १९६० मध्ये छत्रीसारख्या भल्यामोठ्या छपराचे टर्मिनल उघडले. टीडब्ल्यूएला मिळालेली जागा रस्त्याच्या वळणावर होती. आयताकृती इमारतीच्या दृष्टीने ती अडचणीचीच, पण वळणावरच्या माणसाकडे जसे सगळ्यांचे लक्ष जाते तसे तिचे होते. सारिनेन यांनी नेमका त्याचाच फायदा घेतला.

एअर इंडियाची न्यूयॉर्क सेवा बोइंग ७०७ने १४ मे १९६० रोजी सुरू झाली, ती याच आयडलवाइल्डला. परदेशातून येणारे प्रवासी १९५७ मध्ये उघडलेल्या आंतरराष्ट्रीय आगमन इमारतीत उतरत. १९६५च्या स्थलांतर कायद्याने अमेरिकेची दारे उघडल्यावर जे मराठी डॉक्टर, इंजिनिअर आणि विद्यार्थी तिकडे गेले, त्यांच्यातल्या अनेकांची नव्या देशाशी पहिली ओळख याच विमानतळावर झाली. पुढे सेंट लुईस किंवा कॅन्सस सिटीकडे जायचे आणि तिकीट टीडब्ल्यूएचे असेल, तर त्या माणसाची वाट सारिनेन यांच्या छताखालून जाई. टीडब्ल्यूएची विमाने मुंबईलाही येत असत. म्हणजे ही इमारत सर्वस्वी परक्या जगातली होती असे नाही. आपल्या ओळखीतल्या कुणाच्या तरी बॅगा त्या फरशीवर टेकल्या असणार.

सारिनेन यांचा जन्म २० ऑगस्ट १९१०चा, फिनलंडमधला. वडील एलिएल सारिनेन हे हेलसिंकीच्या भव्य रेल्वे स्टेशनाचे रचनाकार आणि त्यांचाही वाढदिवस २० ऑगस्टच. आई लोया शिल्पकार आणि विणकाम-कलावंत. १९२३ मध्ये कुटुंब अमेरिकेत आले. मुलगा वास्तुकलेकडे वळण्याआधी पॅरिसला जाऊन शिल्पकला शिकला. त्या शिक्षणाची खूण त्यांच्या प्रत्येक कामात आहे, पण टीडब्ल्यूएमध्ये ती सगळ्यांत उघड दिसते. ही इमारत ओल्या मातीवरून अंगठा फिरवून केल्यासारखी वाटते. एका पायाच्या ज्या ट्युलिप खुर्च्या आजही कॉफीच्या दुकानांत आणि सिनेमांत दिसतात, त्याही यांच्याच, १९५७च्या.

छताचा आकार कसा सुचला याची एक गोष्ट सांगतात. सारिनेन यांचे सहकारी केव्हिन रोश ती सांगत असत. सकाळच्या न्याहारीला ग्रेपफ्रूट होते, म्हणजे आपल्या पपनसाचे भाऊबंद. खाऊन झाल्यावर सारिनेन यांनी अर्धी साल पालथी घातली आणि मधोमध बोटाने दाबली. मध्य खाली गेला, कडा वर उचलल्या गेल्या. ती साल उचलून ते कार्यालयात घेऊन गेले. मला ही गोष्ट आवडते, पण तिच्यावर फार भार टाकू नये असे वाटते. साल एका सकाळची होती आणि पुठ्ठ्याचे काम त्यानंतर महिनोन्महिने चालले.

तयार झालेली रचना अशी. चार काँक्रीटची कवचे एकत्र येऊन छत होते, आणि इंग्रजी वाय अक्षरासारखे दिसणारे चार जाड, वळणदार खांब त्या सगळ्याचा भार घेतात. नारळाच्या करवंटीवर दाब दिला तर ती सहजी फुटत नाही, कारण तिची वक्र कड तो दाब वाटून खालपर्यंत पोचवते. सपाट फळीवर तेवढाच दाब दिला तर ती मधे वाकते. काँक्रीट दाब सोसायला पक्के आणि ताण सोसायला कच्चे, म्हणून ते वक्र केले की पातळ असूनही मोठे अंतर पेलू शकते. टीडब्ल्यूएची कवचे कडेपाशी पातळ आहेत आणि खांबांकडे येता येता कित्येक पट जाड होत जातात. सगळा भार त्या चार ठिकाणी गोळा होतो आणि जमिनीत जातो. कवचे एकमेकांना पूर्ण चिकटलेलीही नाहीत. त्यांच्यामधल्या लांबट फटींत काच बसवली आहे आणि तिथून दिवसभर उजेडाच्या पट्ट्या आत उतरतात. चारही कवचे मधोमध जिथे मिळतात तिथून एक घड्याळ खाली लोंबते.

हे कागदावर मांडणे अवघड होते. आडव्या-उभ्या रेषांच्या इमारतीचा नकाशा चार बाजूंनी काढला की भागते. इथे प्रत्येक फुटावर उंची बदलत होती. मग डोंगराच्या नकाशात जशा समान उंचीच्या रेषा असतात तशा रेषांनी छताचा आकार नोंदवला गेला आणि त्यावरून लाकडाचे सेंटरिंग कापले गेले. आपल्याकडे स्लॅब टाकताना खालून बांधलेले सेंटरिंग सगळ्यांनी पाहिलेले असते. तेच टेकू, त्याच फळ्या, फक्त इथे जवळपास प्रत्येक फळी वेगळ्या कोनात बसवायची होती. अभियांत्रिकी ‘अमन अँड व्हिटनी’ या कंपनीकडे होती. तिच्यातले अमन म्हणजे न्यूयॉर्कच्या जॉर्ज वॉशिंग्टन पुलाचे अभियंता ओथमार अमन. शिल्पकाराच्या कल्पनेखाली पूल बांधणाऱ्यांचे गणित होते, हे या इमारतीबद्दल बोलताना फार कमी वेळा सांगितले जाते.

१९६१च्या वसंतात सेंटरिंग उतरलेले होते. काच नव्हती, फरशी नव्हती, उघडे काँक्रीट उभे होते. ते पाहून सारिनेन म्हणाले की काम इथेच थांबवावे लागले तरी याचा एक सुंदर भग्नावशेष होईल, रोममधल्या काराकालाच्या स्नानगृहांसारखे. पुढे चारेक महिन्यांतच, १ सप्टेंबर १९६१ रोजी, मेंदूतल्या गाठीच्या विकाराने त्यांचे निधन झाले. वय ५१. उरलेले काम रोश, जॉन डिंकेलू आणि इतर सहकाऱ्यांनी पुरे केले.

आत शिरणाऱ्या माणसाला काय भेटते? समोर माहितीचे टेबल, पण ते टेबल वाटत नाही. जमिनीतून वर आलेली मान वळवून कुणीतरी पाहत असावे तसा तो आकार आहे आणि त्यातच विमानांच्या वेळांचा फलक आहे. दोन्हीकडे जिने आणि वर पूल. जिन्याचा कठडा जिथे संपायला हवा तिथे तो संपत नाही, वळून बाक होतो. पुढे दोन-चार पायऱ्या खाली उतरले की बैठकीची खोलगट जागा लागते आणि तिथे लाल रंग असतो, पिकल्या मिरचीचा. त्या खड्ड्यात बसून समोरच्या भल्यामोठ्या तिरप्या काचेतून विमाने बघायची. बाकी सगळीकडे पांढऱ्या रंगाच्या, शर्टाच्या बटणाएवढ्या गोल फरश्या. फरशी मोठी घेतली असती तर ती वळणावर बसली नसती. एवढीशी घेतल्यामुळे तीच फरशी जमिनीवरून भिंतीवर आणि भिंतीवरून बाकावर न तुटता चढते. मग विमानाकडे जाणारे दोन बोगदे. नळीसारखे, पांढरे, किंचित चढणीचे, आणि उजेड कुठून येतो ते न दाखवणारे.

या जागेत एझ्रा स्टोलर कॅमेरा घेऊन आले. स्टोलर हे त्या पिढीतले अमेरिकेतले सगळ्यांत मोठे वास्तुछायाचित्रकार म्हणता येतील. जन्म १९१५, शिकागोचा, बालपण न्यूयॉर्कमध्ये, शिक्षण वास्तुकला आणि औद्योगिक रचना यांचे. फ्रँक लॉइड राइट यांचे गुगेनहाइम संग्रहालय, मीस व्हान डर रोह यांची सीग्राम इमारत, अशी विसाव्या शतकाच्या वास्तुकलेची जी चित्रे आपल्या डोळ्यांपुढे येतात त्यातली कितीतरी त्यांच्या कॅमेऱ्यातून आलेली आहेत. इमारतीचे ‘स्टोलरायझेशन’ झाल्याशिवाय ती पूर्ण होत नाही, असे वास्तुरचनाकारांत म्हटले जाई. स्टोलर स्वतः मात्र आपले काम वादकासारखे मानत. हातात आलेली रचना वाजवायची, तिच्यात प्राण आणायचा. वाईट इमारत चांगली करता येत नाही, पण चांगलीतले बळ बाहेर काढता येते. आपल्याकडच्या गायकाला बंदिश मिळते, त्याच नात्याची ही भूमिका आहे.

ते ज्या कॅमेऱ्याने काम करत तो आज हातात दिला तर बहुतेकांना तो सुरू कुठून करायचा हेही कळणार नाही. पुढे भिंग, मागे काच, मधे भात्यासारखी घडीची पेटी आणि खाली तिकाटणे. मागच्या घासलेल्या काचेवर दृश्य उमटते, पण उलटे, पाय वर आणि डोके खाली. ते नीट दिसावे म्हणून छायाचित्रकार डोक्यावरून काळे कापड घेतो. पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीत डोके घातलेला माणूस आणि काळ्या कापडाखाली डोके घातलेला माणूस, हे दोघे एकच काम करत होते असे मला नेहमी वाटते.

या कॅमेऱ्याची खरी किमया भिंग सरकवण्यात आहे. साध्या कॅमेऱ्याने उंच इमारत घ्यायची तर कॅमेरा वर तिरपा करावा लागतो आणि मग उभ्या रेषा वर जाता जाता जवळ येतात, इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते. इथे फिल्म ताठ उभी ठेवून फक्त भिंग वर सरकवायचे. उंची चौकटीत येते आणि भिंती ओळंब्यात राहतात. वास्तुछायाचित्रणाची सगळी प्रतिष्ठा या सरळ उभ्या रेषांवर उभी होती. सीग्रामसारख्या काटकोनी इमारतीत त्या रेषा शेकड्यांनी मिळतात. टीडब्ल्यूएच्या आत ताठ उभे असे जवळपास काहीच नाही. खांब झुकतात, काच तिरपी, जिने वळणारे. मधोमध लोंबणाऱ्या घड्याळाची दांडी हाच काय तो ओळंबा. स्टोलर यांची आतली छायाचित्रे बघताना कोणती रेषा आडवी आणि कोणती उभी हे शोधायला आपला डोळा क्षणभर धडपडतो, मग बाकावर बसलेल्या माणसांकडे जातो आणि तिथे स्थिरावतो.

माणसे आहेत, पण मोजकी. यामागे कॅमेऱ्याचेही एक कारण आहे. जवळच्या बाकापासून लांबच्या छतापर्यंत सगळे रेखीव यायला हवे तर भिंगाचे तोंड अगदी बारीक करावे लागते. मग उजेड कमी मिळतो आणि फिल्म जास्त वेळ उघडी ठेवावी लागते, कधी कित्येक सेकंद. तेवढ्यात चालणारा माणूस धुरासारखा पुसट होतो. म्हणून अशा छायाचित्रांत माणसे बसलेली असतात, टेकलेली असतात, वाट पाहत असतात. विमानतळ म्हणजे वाट पाहण्याची जागा, त्यामुळे हे खोटे वाटत नाही. पण टर्मिनलचा कोलाहल, ओढल्या जाणाऱ्या बॅगा, रडणारी पोरे हे सगळे कॅमेऱ्याच्या स्वभावामुळेच चौकटीबाहेर राहिले.

उजेडाची अडचण वेगळीच. फटींतून येणारा दिवसाचा उजेड निळसर, विजेच्या दिव्यांचा पिवळा आणि नळीच्या दिव्यांचा हिरवट. डोळा हे सगळे एक करून घेतो, रंगीत फिल्म करत नाही. काळ्या-पांढऱ्या फिल्मला हा त्रास नव्हता आणि त्या काळची बरीचशी वास्तुविषयक मासिके छापलीही जात काळ्या-पांढऱ्यातच. त्यामुळे या इमारतीची ख्याती जगभर गेली ती राखाडी छटांत. काँक्रीट, पांढरी फरशी आणि आकाश एकाच पदार्थाचे असल्यासारखे दिसू लागले. मिरचीचा तो लाल रंग तिथे जाऊन पाहणाऱ्यालाच मुख्यतः मिळाला. दिवस-रात्रीचा मेळ घालणारी वेळ मात्र एक असते. कातरवेळी पंधरा-वीस मिनिटे बाहेरच्या आभाळाचा आणि आतल्या दिव्यांचा उजेड सारखाच भरतो. त्या वेळी बाहेरून घेतले की काँक्रीटचे छत अधांतरी राहते आणि त्याखालची सगळी पोकळी पेटलेली दिसते. वास्तुछायाचित्रकार दिवसभर बसून राहतात ते अशाच पंधरा मिनिटांसाठी.

कोराब यांनीही बांधून झालेल्या टीडब्ल्यूएचे फोटो काढले. १९५८ मध्ये नोकरी सोडून ते पूर्णवेळ छायाचित्रकार झाले होते. त्यांच्या चित्रांत हवामान असते. पाऊस, बर्फ, धुके, ओल्या डांबरावरचे प्रतिबिंब. स्टोलर इमारत काय आहे ते सांगतात, कोराब तिथे तुम्ही असता तर कसे वाटले असते ते सांगतात. मला निवड करायला लावली तर पहिल्या भेटीला स्टोलर आणि दुसऱ्या भेटीला कोराब घेईन.

आक्षेप घेणारेही होते आणि ते साधेसुधे नव्हते. येल विद्यापीठातले वास्तुइतिहासकार व्हिन्सेंट स्कली यांना सारिनेन यांच्या कामात दिखाऊपणा आणि रचनेचा बडेजाव दिसे. प्रत्येक इमारतीला नवी शैली, हेही अनेकांना खटकले. फोटोत छान दिसावे म्हणून बांधलेली इमारत, असा या टीकेचा एक सूर. मला तो अर्धाच पटतो. टीडब्ल्यूएची इमारत डोळ्यांसाठी बांधली हे खरे आहे, पण तो डोळा चालणाऱ्या माणसाचा आहे. पुठ्ठ्याच्या आत डोके घालून मान वळवत बघणारा माणूस एका जागी थांबलेला नसतो. एकच देखणा कोन हवा असता तर एवढ्या प्रतिकृती कापाव्या लागल्या नसत्या.

सारिनेन केवळ आकाराचे वेडे होते असे मानणाऱ्यांनी त्यांचा दुसरा विमानतळ पाहावा. वॉशिंग्टनजवळचा डलस विमानतळ केनेडींच्या हस्ते १७ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रार्पण झाला. त्याची तयारी म्हणून सारिनेन यांच्या लोकांनी ठिकठिकाणच्या विमानतळांवर जाऊन, हातात स्टॉपवॉच घेऊन, प्रवासी किती चालतात आणि कुठे रखडतात हे मोजले. जेट विमाने मोठी, म्हणून त्यांच्यातली अंतरे मोठी, म्हणून टर्मिनलचे हात लांब आणि प्रवाशाची पायपीट वाढती. सारिनेन यांचे उत्तर असे की इमारत आखूड ठेवावी आणि प्रतीक्षागृहच उचलून विमानापर्यंत न्यावे. हे चालते दालन म्हणजे चाकांवरची खोली. प्रवासी टर्मिनलच्या दारातून तिच्यात शिरणार, बसणार आणि ती धावपट्टीच्या बाजूने जाऊन थेट विमानाच्या दाराला लागणार. सरकारी अधिकाऱ्यांना हे पटवायला सारिनेन यांचे जुने मित्र चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ मध्ये एक छोटा चित्रपट केला. तेच वर्ष आपल्याही ओळखीचे. ईम्स दांपत्याने भारत सरकारसाठी जो अहवाल लिहिला आणि ज्यातून अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, तोही १९५८चाच.

डलसचे छत टीडब्ल्यूएच्या नेमके उलट आहे. टीडब्ल्यूएत काँक्रीट दाबाखाली उभे आहे, तर डलसमध्ये ते तारांवर टांगलेले आहे. दोन्ही बाजूंना बाहेर झुकलेले खांब आणि त्यांच्यामध्ये दोन झाडांना झोळी बांधावी तसे छत. झोळीत मूल ठेवले की दोर झाडांना आत ओढतात, म्हणून हे खांब बाहेर कललेले. पाहणाऱ्याला गणित न येताही ती ओढाताण अंगाने कळते. हे आपले सर्वोत्तम काम असे सारिनेन यांना वाटे. पूर्ण झालेले तेही त्यांनी पाहिले नाही.

पातळ कवचांचा हा प्रयोग ज्याने तरुणपणी जवळून पाहिला असा आपल्या ओळखीचा एक माणूस आहे. गोव्यात मुळे असलेले आणि पुढे मुंबईत राहून काम केलेले चार्ल्स कोरिया १९५३ ते १९५५ या काळात एमआयटीत शिकत होते. त्याच आवारात, त्याच वर्षांत सारिनेन यांचे क्रेस्गे सभागृह उभे राहत होते. गोलाचा आठवा भाग कापून तीन टोकांवर टेकवलेले काँक्रीटचे पातळ कवच. टीडब्ल्यूएची ही धाकटी आवृत्ती थोरलीच्या आधी जन्मली.

टीडब्ल्यूएचे टर्मिनल उघडले तेव्हाच ते आपल्या विमानांच्या मागे पडू लागले होते. आखणी सुरू झाली तेव्हा पंख्यांची विमाने होती आणि उद्घाटन जेटच्या जगात झाले. १९७० मध्ये बोइंग ७४७ आले आणि एकेका विमानातून साडेतीनशेच्या वर माणसे त्या नळीसारख्या बोगद्यांत उतरू लागली. ५ जानेवारी १९७३ पासून अमेरिकेत सगळ्या प्रवाशांची आणि त्यांच्या हातातल्या सामानाची तपासणी सक्तीची झाली. जिथे माणसाने मोकळेपणी तरंगत जावे अशी कल्पना होती तिथे यंत्रे, रांगा आणि दोर आले. इमारतीला नवे दार किंवा नवी भिंत जोडणेही सोपे नव्हते. काटकोनी खोलीला काटकोनी खोली जोडता येते, करवंटीला काय जोडणार?

शेजारपाजारच्यांचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. आय. एम. पेई यांचे १९७०चे नॅशनल एअरलाइन्सचे टर्मिनल, काचेच्या भिंती आणि गोल खांबांचे, २०११ मध्ये पाडले. पॅन ॲमच्या छत्रीचे पाडकाम २०१३ मध्ये सुरू झाले. ती दोन्ही आता फोटोंत बघायची. टीडब्ल्यूएच्या टर्मिनलला मात्र १९९४ मध्ये न्यूयॉर्क शहराने संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. २००१ मध्ये कंपनी बुडाली, अमेरिकन एअरलाइन्सने ती घेतली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इमारतीला कुलूप लागले. मग जवळपास अठरा वर्षे ती विमानतळाच्या गजबजाटात रिकामी उभी होती. या काळात तिला जिवंत कुणी ठेवले असेल तर कायद्याइतकेच छायाचित्रांनी. १९९९ मध्ये स्टोलर यांच्या टीडब्ल्यूएच्या चित्रांचे एक छोटे पुस्तक निघाले होते. पाहिलेलीच नाही अशी इमारत वाचवायला माणसे कळकळीने भांडली, त्यामागे अशी चित्रे होती. स्टोलर २००४ मध्ये गेले, कोराब २०१३ मध्ये. कोराब यांचा संग्रह आता अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे आणि सारिनेन यांच्या कार्यालयाची कागदपत्रे येल विद्यापीठात.

१५ मे २०१९ रोजी तिथे हॉटेल उघडले. मूळ इमारत त्याचे स्वागत-दालन झाली, ५१२ खोल्या मागच्या दोन नव्या इमारतींत गेल्या. लाल खड्डा पुन्हा लाल झाला, बटणाएवढ्या फरश्या जुन्यांशी जुळवून घेतल्या आणि बोगदे शेजारच्या चालू टर्मिनलला जोडले गेले. विमान न पकडताही तिथे जाऊन बसता येते. बहुतेक जण जिन्याच्या टोकाशी थांबतात आणि फोन वर धरतात. स्टोलर यांच्या छायाचित्रांतून जगाला माहीत झालेली आतली बाजू तिथून साधारण तशीच दिसते. फोनच्या रुंद भिंगात कडा थोड्या ओढल्या जातात, पण इथे सगळेच वळलेले असल्यामुळे ते कळत नाही.

कोराब यांनी पुठ्ठ्याच्या आतून घेतलेले फोटो स्टोलर यांच्या १९६२च्या छायाचित्रांशेजारी ठेवून पाहिले की आधी छताकडे लक्ष जाते. फटींतला उजेड दोन्हींत आहे, खांबांची वळणे आहेत, पुलाची आडवी रेषा आहे. पुठ्ठ्याच्या फोटोत कापलेल्या कडा थोड्या खरबरीत दिसतात. काँक्रीटच्या फोटोत बाकावर कोट घालून बसलेली माणसे आहेत आणि त्यांच्यामागे काचेपलीकडे विमान उभे आहे. ते विमान सारिनेन यांना त्या काचेतून बघायला मिळाले नाही. छत त्यांनी मान वळवून वळवून, महिनोन्महिने पाहिले होते.